गंजलेली जुनी जीप : घरच्या घरी, थोडक्या खर्चात उभी कशी करावी ?



आपल्या भागातील बऱ्याच वस्त्यांवर गोठ्याच्या मागे किंवा आंब्याखाली एखादी जुनी जीप उभी असते. कधीकाळी ती वडिलांनी घेतलेली असते. तिच्यातून बेणे आले, खत आले, आजारी माणूस दवाखान्यात गेला, लग्नाचे वऱ्हाडही गेले. मग एक दिवस काहीतरी मोडले, "बघू पुढच्या हप्त्याला" म्हणून ती उभी राहिली आणि उभीच राहिली. आता तिच्या टपावर कोंबड्या बसतात. भंगारवाला दर महिन्याला येऊन किलोचा भाव सांगून जातो आणि घरातला तरुण मुलगा म्हणतो, "विकू नका, मी चालू करतो."

अशा वेळी दोन्ही बाजूंनी नुकसान होण्याचा संभव असतो. दुरुस्त होण्यासारखी गाडी लोखंडाच्या भावाने जाते, किंवा दुरुस्त न होणाऱ्या गाडीत ऊसबिलाचे दोन-तीन हप्ते जिरून जातात. आणि तिसरे नुकसान सर्वांत वाईट : वरून रंगवलेली, आतून कुजलेली गाडी पोराबाळांना घेऊन रस्त्यावर येते आणि उतारावर ब्रेक लागत नाही. हे तिन्ही टाळून कामाला कोणत्या क्रमाने हात घालावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

आपली जीप कोणती, हे आधी ओळखा

विलीज कंपनीच्या परवान्यावर महिंद्रने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीप जुळविण्यास सुरुवात केली. आपल्याकडे जुनी म्हणून जी दिसते ती बहुधा 'सीजे ३ बी' जातीची असते. हे मॉडेल विलीजने १९५३ साली काढले. हिचे बॉनेट इतर जीपपेक्षा उंच असते. त्याचे कारण असे की, हिच्या चार सिलिंडरच्या सुमारे २.२ लिटर पेट्रोल इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये बसविले आहेत, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि त्याला झाकण्यासाठी बॉनेटही वर उचलावे लागले. अशा कित्येक जीपमध्ये पुढे मालकांनी डिझेल इंजिने बसवून घेतली. १९८०च्या दशकात आलेल्या 'एमएम ५४०' मध्ये प्यूजो बनावटीचे २.१ लिटरचे डिझेल इंजिन कंपनीतूनच होते. लष्कराच्या लिलावातून आलेल्या 'जोंगा' गाड्याही काहींकडे आहेत. त्यांचे सहा सिलिंडरचे सुमारे ४ लिटरचे पेट्रोल इंजिन दणकट असले तरी तेल पिण्यातही तितकेच दणकट आहे, हे खर्चाचा हिशोब करताना लक्षात घ्यावे.

हौसेच्या दृष्टीने सर्वच चांगल्या. पण कमी खर्चाच्या दृष्टीने महिंद्रची साधी जीप सर्वांत सोयीची, कारण तिचे सुटे भाग अजून मिळतात आणि ती उघडायला पाने, हातोडी आणि जॅक याखेरीज फारसे काही लागत नाही.

गाडीच्या आधी कागद उघडा

पाना हातात घेण्यापूर्वी आर.सी. बुक शोधावे. चॅसीवर ठोकलेला नंबर आणि इंजिनावरील नंबर ताराच्या ब्रशने साफ करून पुस्तकाशी ताडून पाहावा. नंबर जुळत नसेल तर तेथेच थांबावे आणि आर.टी.ओ. कार्यालयात चौकशी करावी. नंतर हजारो रुपये घालून उभी केलेली गाडी दारातच ठेवावी लागेल, यापेक्षा आधी एक हेलपाटा बरा.

गाडी वडिलांच्या नावावर असेल व ते हयात नसतील, तर वारसाने नमुना ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यावी लागते. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर नमुना २५ भरून, गाडी तपासणीला नेऊन, दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले व २० वर्षांवरील मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. याखेरीज पर्यावरण कर, उशिराबद्दलचा दंड, विमा आणि धुराचे प्रमाणपत्र येते. हा सर्व आकडा आर.टी.ओ.कडून लिहून आणावा आणि वहीच्या पहिल्या पानावर मांडावा. पुष्कळांचा हिशोब चुकतो तो येथेच. ते नटबोल्टचा खर्च धरतात आणि कागदाचा विसरतात.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली : ५० वर्षांवरील गाड्यांसाठी जुलै २०२१ पासून 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. ऐकायला बरे वाटते, पण अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर चालविता येत नाही. शेताच्या कामाला जीप हवी असेल तर त्या वाटेला जाऊ नये. दुसरी : सरकारी खात्यांच्या १५ वर्षांवरील गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू ठेवली जात नाही. म्हणून "साहेबांची गाडी स्वस्तात मिळतेय" असे कोणी म्हणाले तर कागद पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. भंगार म्हणून निघालेली गाडी कितीही नटविली तरी रस्त्यावर येत नाही. तिसरी : इंजिन बदलायचे तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते. कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. ट्रॅक्टरसारखी मोठी चाके आणि चॅसी कापून केलेली उंची यांवर पैसा घालविणे म्हणजे पैसे देऊन दंड विकत घेणे होय.

गंज कोठे लपतो ?

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंज चढतो, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. परंतु आपल्या जीपला आणखी एक शत्रू आहे आणि तो आपणच गाडीत भरतो : खत. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते, म्हणजे तो मिठाचाच भाऊबंद. पोत्यातून सांडलेले खत पत्र्याच्या सांध्यात जाते, हवेतील ओल धरून ठेवते आणि पावसाळा संपला तरी तेथे गंजाचे काम रात्रंदिवस चालू राहते. म्हणूनच खताची ने-आण केलेल्या जीपचा मागचा पत्रा पुढच्या पत्र्याआधी जातो. समुद्रकाठच्या गाड्यांना जे खारी हवा करते तेच येथे खत करते.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्र्यांच्या मध्ये तो शिरला की सांधा फुगतो आणि वरचा रंग पापडासारखा उठतो. असा फुगवटा जेथे दिसेल तेथे दिसतो त्याच्या तिप्पट जागा आतून गेलेली आहे असे समजून चालावे.

पुढील जागा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून व लहान हातोडीने ठोकून पाहाव्यात :

१. ड्रायव्हरच्या व शेजारच्या पायाखालचा पत्रा. रबरी चटई असेल तर ती काढून.

२. तळपत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या. त्यात वर्षानुवर्षांची माती भरलेली असते.

३. चॅसीचा पुढचा व मागचा आडवा भाग.

४. पाटे ज्या ब्रॅकेटला अडकविलेले असतात ती ब्रॅकेट व त्याच्या आसपासची चॅसी.

५. पेट्रोलची टाकी. बऱ्याच जुन्या जीपमध्ये ती ड्रायव्हरच्या सीटखालीच असते, तिची खालची बाजू.

मडके घेताना आपण ते वाजवून घेतो, तसाच हा प्रकार आहे. चांगले लोखंड खणखणीत वाजते, कुजलेले भदभद वाजते. आवाजावरून शंका आली की टोचून पाहावे.

चॅसी सरळ आहे का ?

बॉडीचा पत्रा कितीही गेला तरी बदलता येतो. चॅसी मात्र गाडीचा कणा आहे. ती वाकलेली असेल तर गाडी रस्त्यावर तिरकी पळते आणि टायर खाते. तपासणी घरी करता येते. गाडी सिमेंटच्या खळ्यावर उभी करावी. चॅसीच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या जागांवरून, म्हणजे पुढच्या दोन पाट्यांच्या बोल्टवरून व मागच्या दोन बोल्टवरून, गवंड्याचा ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा कराव्यात. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि चार खुणांचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. दोन्ही कर्ण सारखे भरले तर चॅसी सरळ. बोटाच्या जाडीएवढा किंवा त्याहून जास्त फरक असेल तर जाणत्या वर्कशॉपमध्ये दाखवावे.

आता निर्णयाची वेळ येते. कागद नीट, चॅसी सरळ व शाबूत असेल तर काम हाती घ्यावे, मग इंजिन जाम असले तरी हरकत नाही. चॅसी पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ कुजलेली असेल आणि कागदही अर्धवट असतील, तर मात्र मन घट्ट करून गाडी द्यावी. त्यातले चांगले भाग दुसऱ्या जीपला उपयोगी पडतात. वडिलांची आठवण म्हणून स्टिअरिंगचे चाक काढून ठेवले तरी पुरे.

कामाचा क्रम : आधी थांबणे, मग पळणे, शेवटी दिसणे

बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो. आधी रंग होतो, मग सीट शिवतात, मग टेप बसतो आणि ब्रेकला पैसे उरत नाहीत. योग्य क्रम असा : ब्रेक व स्टिअरिंग, नंतर इंजिन, नंतर पत्रा, नंतर वायरिंग आणि सर्वांत शेवटी रंग.

एक वही करावी. तिच्यात तीन रकाने पाडावेत : घरी होणारे काम, बाहेर द्यायचे काम, विकत घ्यायचा माल. पैसे जसे येतील तसे एकेक काम पुरे करावे. चार कामे एकदम उघडली की भाग हरवतात, आणि अर्धी उघडी जीप ही बंद जीपपेक्षा लवकर भंगारात जाते. सोडविलेला प्रत्येक बोल्ट त्या त्या भागाच्या डब्यात ठेवावा, डब्यावर चिठ्ठी लावावी आणि उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावा. मागच्या पिढीतील फिटर हे डोक्यात ठेवीत, आपल्याला फोटोची सोय आहे.

हंगामाचाही विचार करावा. पावसाळ्यात शेडमध्ये इंजिन-ब्रेक उघडावे. पत्र्याचे व रंगाचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत काढावे. ओलसर हवेत दिलेला रंग म्हणजे गंजावर पांघरलेली गोधडी.

गंजलेले नट सोडविणे

घाई केली की बोल्ट तुटतो आणि दहा मिनिटांचे काम दिवसावर जाते. ब्रश मारून डिझेलमध्ये थोडे ऑइल मिसळून आदल्या दिवशी व पुन्हा सकाळी लावावे. सोडविण्यापूर्वी नट किंचित आवळावा, म्हणजे गंजाची पकड तुटते. मग थोडा सैल, थोडा घट्ट असे करीत बाहेर काढावा. नेहमी रिंग पाना वापरावा, उघड्या पान्याने नटाच्या कडा झिजतात. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असू शकतात. ते नेहमीप्रमाणे सोडवायला गेले तर घट्ट होत जातात आणि माणूस पाइप लावून स्टडच तोडतो. आधी आटे पाहावेत.

ब्रेक : येथे काटकसर नको

जुन्या जीपचे ब्रेक बहुधा एकाच सर्किटचे असतात. म्हणजे चार चाकांना जाणारे ब्रेक ऑइल एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच ओळीने जाते. आजच्या गाड्यांत एक नळी फुटली तरी दोन चाके थांबतात. येथे एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. म्हणून वरून चांगल्या दिसल्या तरी सर्व रबरी नळ्या नव्या टाकाव्यात. लोखंडी पाइप गंजले असतील तर तेही बदलावेत. मास्टर सिलिंडर व चारही चाकांचे सिलिंडर उघडून किट बदलावे. आत खड्डे पडले असतील तर सिलिंडर नवा घ्यावा, घासून चालवू नये.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते व ते फुफ्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. ब्रेक ऑइलच्या जागी डिझेल किंवा इंजिन ऑइल कधीही घालू नये, एका दिवसात रबर फुगून ब्रेक जाम होतात. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे सहसा मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करावी.

पुष्कळ जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून फोर व्हीलच्या गिअर बॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो. तो गाडी उभी केल्यावर लावायचा आहे. चालत्या गाडीत ओढला तर शाफ्टवर एकदम ताण येतो.

स्टिअरिंगसाठी पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन, खाली भक्कम ठोकळे देऊन, चाक वर-खाली व आजूबाजूला हलवून पाहावे. किंगपिनच्या बेअरिंगात व टाय रॉडच्या टोकांत ढिलाई असेल तर विशिष्ट वेगाला पुढची चाके भयंकर थरथरतात. हे भाग फार महाग नाहीत, ते बदलावेतच. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नये. वीट तर मुळीच लावू नये, वीट न सांगता फुटते.

इंजिन जाम असेल तर

"ट्रॅक्टरला बांधा आणि ओढा, सुटतंय की !" हा सल्ला सर्वत्र मिळतो आणि तो ऐकू नये. जाम पिस्टन जबरदस्तीने ओढला की रिंग तुटतात, रॉड वाकतो आणि हजाराचे काम कित्येक हजारांवर जाते. पेट्रोल इंजिनाचे प्लग किंवा डिझेलचे नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल-ऑइल सोडावे आणि चार-आठ दिवस तसेच ठेवावे. रोज पुलीच्या नटाला लांब पाना लावून दोन्ही बाजूंना हलका जोर द्यावा. सुटले तर ठीक. नाही सुटले तर हेड काढून पाहावे.

सुरू करण्यापूर्वी ऑइलची पट्टी पाहावी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. हेडचे गॅस्केट गेले असेल किंवा हेड तडकले असेल. तसे सुरू केल्यास बेअरिंग जातात. ऑइल, फिल्टर, पट्टा व रेडिएटरचे होज बदलूनच पहिला स्टार्ट मारावा. हँडल मारायचे असेल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. उलटा झटका बसला तर दांड्याभोवती वळलेला अंगठा मोडतो.

डिझेलचा पंप व नोझल घरी उघडू नयेत, ते पंपवाल्याकडेच द्यावेत. बोअर, क्रँक आणि हेडचे लेथचे कामही बाहेरचेच. व्हॉल्व्ह घासणे, कार्ब्युरेटर धुणे, रेडिएटर उलटे पाणी मारून साफ करणे ही कामे मात्र घरी होतात.

आपल्याच उसाचे इथेनॉल आणि जुनी जीप

ही गोष्ट आपणा ऊस उत्पादकांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये सरासरी २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. त्यात आपल्या उसाचा वाटा आहे. परंतु चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या जीपचे पंप, नळ्या व गॅस्केट या मिश्रणासाठी बनविलेले नव्हते. इथेनॉलने जुने रबर मऊ पडते आणि नळी पाझरू लागते. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे काय ते सांगायला नको. शिवाय इथेनॉल हवेतील पाणी ओढते. टाकी महिनोन्महिने अर्धी भरून ठेवली तर पाणी खाली बसते आणि टाकी आतून गंजते.

उपाय सोपे आहेत. पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या जातीचे घ्यावेत. गाडी हंगामभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी. पहिल्या काही महिन्यांत फिल्टर वारंवार पाहावा, कारण हे मिश्रण जुन्या टाकीतला मळ सोडवून पुढे पाठविते. लिटरमागे इथेनॉलची शक्ती पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. म्हणून अ‍ॅव्हरेज थोडे कमी पडले आणि इंजिन ओढायला किंचित मंद वाटले तर घाबरू नये, कार्ब्युरेटर जाणत्याकडून जुळवून घ्यावा.

गंज काढण्याचे घरगुती प्रकार

एखादा सभासद विचारील, "मळीत लोखंड भिजत घातले की गंज निघतो म्हणतात, खरे का ?" खरे आहे. इतर देशांत जनावरांच्या खाद्याची मळी एक भाग आणि पाणी नऊ-दहा भाग असे घेऊन त्यात गंजलेले भाग एक ते तीन आठवडे बुडवून ठेवतात. गंज सुटतो व चांगले लोखंड राहते. मात्र ॲल्युमिनियमचे व जस्ताचे भाग त्यात खराब होतात, आणि वास असा येतो की शेजारी भांडायला यावा. पण आपल्याकडे मळीचा साठा व वाहतूक राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नियंत्रणाखाली आहे. तेव्हा "कारखान्यातून एक कॅन द्या" असा आग्रह धरू नये. त्यापेक्षा पुढील दोन प्रकार बिनधोक व बिनपरवान्याचे आहेत.

पहिला प्रकार विजेचा. प्लॅस्टिकच्या पिंपात ५० लिटर पाण्यात सुमारे पाव किलो धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेला भाग मधोमध टांगून त्याला १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण, म्हणजे काळी तार जोडावी. बाजूने जुन्या लोखंडी पट्ट्या सोडून त्यांना धन, म्हणजे लाल तार जोडावी. दोन्ही एकमेकांना चिकटू देऊ नयेत. काही तासांत गंज सैल पडतो व ब्रशने निघतो. तीन पथ्ये पाळावीत. स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या वापरू नयेत, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. सोड्याऐवजी मीठ घालू नये, क्लोरीन वायू निघतो. आणि हे काम उघड्यावर करावे, कारण हायड्रोजन निघतो व तो पेट घेतो. विडी लांब ठेवावी. चार्जर बंद केल्याशिवाय पिंपात हात घालू नये.

दुसरा प्रकार मोठ्या पत्र्यासाठी. ताराच्या ब्रशने व पॉलिश पेपरने सुटा गंज काढून फॉस्फोरिक ॲसिडचे तयार मिळणारे द्रावण लावावे. उरलेल्या गंजाचा त्याने काळसर, टिकाऊ थर होतो. संडास धुण्याचे ॲसिड स्वस्त म्हणून लावू नये. ते क्लोराइडचेच ॲसिड असल्यामुळे सांध्यात उरते आणि रंगाखालून पुन्हा गंज काढते. हातमोजे व चष्मा दोन्ही वेळी हवेच.

पत्रा व वेल्डिंग

कुजलेला पत्रा चांगले लोखंड लागेपर्यंत कापून टाकावा. कुजलेल्या कडेवर नवे ठिगळ बसत नाही. फाटक्या धोतराला जोड दिल्यासारखे होते. १६ ते १८ गेजचा साधा पत्रा घ्यावा. घराच्या छपराचा जस्ताचा पत्रा वापरू नये, वेल्डिंग करताना त्याचा धूर बाधतो. पुठ्ठ्याचा नमुना कापून मग पत्रा कापावा, वाया जात नाही. वेल्डिंग सलग ओढू नये. इकडे एक टाका, तिकडे एक टाका असे करीत जावे, नाहीतर उष्णतेने पत्रा फुगतो.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडावी व पेट्रोलची टाकी गाडीतून काढून दूर ठेवावी. रिकामी टाकी भरल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र असतात. टाकीला घरी वेल्डिंग कधीही करू नये, पाण्याने धुतली असली तरी नाही. चॅसीचे वेल्डिंग घरी शिकण्याचे काम नव्हे, ते चांगल्या वेल्डरकडूनच करून घ्यावे. तळपत्र्याला कंपनीने पाणी जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. ती बुजवू नयेत. गंजाने पडलेली भोके बुजवावी, कंपनीने पाडलेली राखावी.

भोकावर लांबी भरून रंग मारणे हा फसवणुकीचा प्रकार आहे. जुनी जीप विकत घेताना लोहचुंबक घेऊन जावे. जेथे चिकटत नाही तेथे लोखंड नाही, लांबी आहे.

वायरिंग व रंग

जुनी, टणक झालेली वायर जोडत बसण्यापेक्षा सर्व नवी ओढणे स्वस्त पडते. जीपला वायर थोडीच लागते. प्रत्येक ओळीला फ्यूज द्यावा. दिवे मंद असतील तर बॅटरीपेक्षा आधी अर्थ पाहावी, गंजलेल्या चॅसीवर ती धरत नाही.

पत्रा साफ झाला की त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा. रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी पुन्हा तांबूस दिसतो. दोन हात रेड ऑक्साइड, पूर्ण वाळल्यावर दोन हात साधा इनॅमल एवढे कामाच्या गाडीला पुरे. चकाकी कमी असली तरी चालेल, कारण असा रंग ओरखडा पडल्यावर घरीच ब्रशने दुरुस्त करता येतो.

चालविताना

पुढचा ॲक्सल फक्त चिखलात, वाळूत किंवा चढावर लावावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून चालवू नये. वळताना पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, डांबरावर ती घसरू शकत नाहीत आणि तो पीळ गिअर व शाफ्टवर येतो. या गाडीला सीट बेल्ट बहुधा नसतात, बाजू उघड्या असतात व ती वळणावर लवकर उलटते. म्हणून मागे दहा-पंधरा माणसे भरण्याची जुनी सवय आता सोडावी.

खत वाहिल्यानंतर त्याच दिवशी मागचा पत्रा भरपूर पाण्याने धुवावा व भोके मोकळी आहेत का ते पाहावे. पावसाळ्यापूर्वी खालून चिखल काढावा, ग्रीस भरावे, उडालेला रंग लावावा. एवढे केले तर पुन्हा ठिगळे लावण्याची वेळ लवकर येणार नाही.

ज्या सभासदांकडे अशी जीप उभी असेल त्यांनी येत्या सवडीच्या दिवशी एवढेच करावे : आर.सी. बुक काढावे, हातोडी घ्यावी, चॅसी ठोकून पाहावी आणि ओळंबा सोडून कर्ण मोजावेत. अर्ध्या दिवसाच्या या कामाला एक रुपयाही लागत नाही. पैसा घालायचा की गाडी घालवायची, हे भंगारवाल्याच्या किंवा पेंटरच्या बोलण्यावरून ठरविण्यापेक्षा त्या मोजमापावरून ठरवावे.